सोडून जाण्याची तयारी

होस्टिंग बदलायचं का, हा प्रश्न आमच्या धंद्यात वर्षातून एकदा तरी येतोच. रिन्यूअलची मेल आली की येतो, साइट दोनदा लागोपाठ डाऊन झाली की येतो, आणि कुणी ओळखीचा भेटून ‘आम्ही तिकडे गेलो, निम्म्या पैशात काम झालं’ असं सांगून गेला की हमखास येतो. मग माणूस नव्या कंपन्यांच्या प्लॅनचे तक्ते उघडून बसतो, जागा किती, मेलबॉक्स किती, पहिल्या वर्षाचा भाव काय हे ताडून बघतो, दोन तासांनी कंटाळतो आणि जुन्याच कंपनीला पैसे भरून मोकळा होतो. आम्हीही बरीच वर्षं हेच करत आलो. एका वर्षी मात्र ठरवलं की या प्रश्नाचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. काय उत्तर निघालं त्यापेक्षा ते काढताना जे हाती लागलं ते जास्त मोलाचं होतं, म्हणून हे लिहितो आहे.

पुण्यात आम्ही दोघं मिळून लहान ग्राहकांच्या वेबसाइट सांभाळतो. नव्या बनवतो कमी, सांभाळतो जास्त. एक पुस्तक प्रकाशक, एक दिवाळी अंक, दहावी-बारावीचे क्लास, दोन डॉक्टर, एक सार्वजनिक वाचनालय, दापोलीकडचा एक होमस्टे, अशी तीसेक मंडळी. या सगळ्यांच्या साइट एकाच कंपनीच्या रीसेलर खात्यावर होत्या. सर्व्हरवरची जागा आम्ही घाऊक भावात घ्यायची आणि तुकडे करून ग्राहकांना किरकोळीत द्यायची, असा हा व्यवहार. काही बिघडलं की ग्राहकाचा फोन अर्थातच कंपनीला न जाता आम्हाला येतो.

कंपनी मुळात वाईट नव्हती. सुरुवातीला फोन केला की पलीकडून माणूस बोलायचा, आणि त्याला सर्व्हर म्हणजे काय हे आपल्यापेक्षा जास्त कळायचं. पुढे तिला एका मोठ्या समूहानं विकत घेतलं. नाव तेच राहिलं, बाकीचं एकेक करत बदललं. आधी फोन नंबर गेला, मग चॅट आली, मग चॅटवर यंत्र बोलू लागलं. तिकीट टाकलं की उत्तर वेळेत यायचं, पण वाचल्यावर लक्षात यायचं की समोरच्यानं आपलं तिकीट वाचलेलंच नाही. मेल सर्व्हर बंद आहे म्हणून कळवावं, तर ‘ब्राउझरची कॅशे साफ करून पाहा’ असा सल्ला.

तरीही खरी ठिणगी पडली ती पैशांवरून. पहिल्या वर्षीचा भाव आणि रिन्यूअलचा भाव यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. पण त्या वर्षीचं बिल त्याही हिशेबात बसेना. कंपनीवर तोंडसुख घेण्याआधी थोडं खोदून पाहिलं, तेव्हा निम्मी गोष्ट वेगळीच निघाली. सर्व्हर चालवायला बहुतेक कंपन्या सीपॅनेल नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. त्याचा परवाना पूर्वी सर्व्हरमागे ठरलेल्या रकमेला मिळायचा; त्या सर्व्हरवर दहा खाती असोत की पाचशे. २०१८ मध्ये सीपॅनेल ओकली कॅपिटल या गुंतवणूक संस्थेकडे गेलं आणि जून २०१९ मध्ये भाव खात्यांच्या संख्येवर लावल्याचं जाहीर झालं. ज्यांच्या एकेका सर्व्हरवर शेकडो खाती होती त्यांचं बिल एकदम काही पटींनी वाढलं. त्यांनी ते रीसेलरवर ढकललं, रीसेलरनं ग्राहकावर. पर्याय म्हणून बऱ्याच जणांनी प्लेस्ककडे पाहिलं, तर तेही आधीपासून ओकलीच्याच मालकीचं. म्हणजे कंपनी बदलली तरी पॅनेलचा हा बोजा पाठ सोडणार नव्हता.

त्यात बिल डॉलरमध्ये. त्यावर १८ टक्के जीएसटी, वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. शिवाय १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापून घेण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. ग्राहकाची आधी नोंदवलेली संमती हवी, पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना हवी, ठरावीक रकमेच्या वर दर वेळी ओटीपी हवा. नियम ग्राहकाच्या भल्याचेच होते. पण परदेशी कंपन्यांची व्यवस्था त्यांना जुळवून घेईपर्यंत ‘ऑटो-रिन्यू चालू आहे’ या एका ओळीवर विसंबून निवांत झोपणं संपलं. आता तारखा आपणच डोक्यात ठेवायच्या.

सहकाऱ्यानं एक तक्ता केला: जुनी कंपनी, नवी कंपनी, तीन वर्षांचा एकूण खर्च. पहिल्या वर्षाची सूट बाजूला काढून, कर धरून. फरक निघाला, पण तीस साइटमध्ये वाटला तर साइटमागे महिन्याला पन्नास रुपयांच्याही आत. साइट हलवायला लागणारे आमचे तास त्यात धरले तर पहिलं वर्ष चक्क तोट्यात जात होतं. पैशांसाठी बदलायचं, हा मुद्दा तिथेच निकालात निघाला. राग मात्र शिल्लक होता, आणि तो कशाचा आहे हे शोधायचं होतं.

ग्राहकांच्या तक्रारींची यादी काढली, तर पहिल्या नंबरावर एकच वाक्य: ‘साइट स्लो आहे.’ शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळीतला सामाईक नळ. शेजाऱ्यानं पिंप लावलं की आपली धार बारीक. ते टाळायला कंपन्या प्रत्येक खात्याला मर्यादा घालून देतात. प्रोसेसर इतका, मेमरी इतकी, एका वेळी चालणाऱ्या प्रोसेस इतक्या. मर्यादा ओलांडली की पाहुण्याला पानाऐवजी ५०८ क्रमांकाची एरर दिसते. जाहिरातीत ‘अनलिमिटेड’ असं लिहिलेल्या प्लॅनमध्येही फायलींच्या संख्येवर मर्यादा असतेच. फक्त ती अटींच्या बारीक अक्षरांत असते.

आमच्या खात्यावर ५०८ वारंवार दिसायची ती एका सांस्कृतिक संस्थेच्या साइटवर. संस्थेचे कार्यक्रम महिन्याला दोन, साइट बघणारे दिवसाला वीस-पंचवीस. एवढ्यात मर्यादा कशी ओलांडली जाईल? कंपनीनं मोठा प्लॅन घ्यायला सुचवलं. आम्ही त्याऐवजी ॲक्सेस लॉग उतरवून घेतला आणि ओळीन्‌ओळ वाचायला बसलो. माणसांच्या ओळी अगदी विरळ. बाकी सगळे बॉट. काही जण लॉगिनच्या पानावर पासवर्डचा अंदाज घेत होते, ते तर सगळ्यांच्याच नशिबी असतं. पण एका सर्च इंजिनचा बॉट संस्थेच्या कार्यक्रम-दिनदर्शिकेत शिरला होता. त्या पानावर ‘पुढचा महिना’ अशी लिंक होती. बॉटनं ती उघडली, तिथेही ‘पुढचा महिना’ होता, त्यानं तोही उघडला. आम्ही लॉग पाहिला तेव्हा तो २०८७ सालच्या मार्चमध्ये पोचला होता आणि तिथेही कार्यक्रम नाही हे पाहून एप्रिलकडे निघाला होता. प्रत्येक रिकाम्या महिन्यासाठी डेटाबेसला पाच-सहा प्रश्न विचारले जात होते. बॉटसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये दोन ओळी घातल्या, दिनदर्शिकेला वर्षभराची हद्द घालून दिली, आणि ५०८ बंद झाली. कंपनी बदलली असती तर बॉट नव्या पत्त्यावरही आलाच असता आणि तिथे २०८८ उघडून बसला असता.

अशीच एकेक तक्रार सोलत गेलो. डॉक्टरांची साइट हळू उघडायची, कारण पहिल्या पानावरचे फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसेच्या तसे, प्रत्येकी आठ-दहा एमबीचे. यातही होस्टिंगचा संबंध नव्हता. प्रकाशकाची साइट मात्र सगळं करून पाहिलं तरी सुस्तच. तिचं कारण भूगोलात होतं. आमचा सर्व्हर अमेरिकेत. पुण्यातून निघालेला संदेश समुद्राखालच्या केबलमधून तिकडे जाऊन परत यायला साधारण पाव सेकंद घेतो. ऐकायला हे काहीच नाही. पण पान दिसण्याआधी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात आधी ओळखपाळख होते, मग सुरक्षिततेची बोलणी, मग पानाची मागणी. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की पहिलं अक्षर उमटायच्या आतच सेकंद संपत आलेला असतो. आम्ही हे खातं घेतलं तेव्हा भारतात परवडणारे सर्व्हर फारसे नव्हते. पुढे चित्र बदललं. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे, ॲमेझॉननं २०१६ मध्ये आणि गूगलनं २०१७ मध्ये मुंबईत आपापली केंद्रं उघडली, आणि त्या भोवती लहान कंपन्यांनीही इथे जागा घेतल्या. मुंबईच्या सर्व्हरला पुण्याहून एक फेरी मारायला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. प्रकाशकाची तक्रार अशी की जी फक्त जागा बदलूनच सुटणार होती.

दुसरी खरी तक्रार मेलची. क्लासच्या मॅडम फीच्या पावत्या पालकांना मेलनं पाठवत आणि त्यातल्या निम्म्या स्पॅममध्ये जात. मॅडमचा त्यात काडीचाही दोष नव्हता. शेअर्ड सर्व्हरवरच्या सगळ्यांची मेल एकाच आयपी पत्त्यावरून निघते. त्या पत्त्यावरच्या कुणी एकानं लॉटरीच्या हजारो मेल सोडल्या, की तो पत्ता काळ्या यादीत जातो आणि बाकीचेही त्याच्याबरोबर भरडले जातात. यावर उपाय होता, पण तो होस्टिंग बदलण्याचा नव्हता. मेल होस्टिंगपासून वेगळीच काढायची आणि मेलचाच धंदा करणाऱ्याकडे ठेवायची. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘म्हणजे मेलचे वेगळे पैसे? आत्तापर्यंत तर फुकट होती की हो!’ फुकट नव्हती, होस्टिंगच्या पैशांत मुरलेली होती, हे पटवायला दोन फोन लागले.

तिसरी गोष्ट डाऊनटाइमची. कंपन्या ९९.९ टक्के अपटाइमची हमी देतात आणि आकडा बघून ग्राहक खूश होतो. गणित मांडलं तर ९९.९ म्हणजे महिन्याला त्रेचाळीस मिनिटं आणि वर्षाला पावणेनऊ तास साइट बंद राहिली तरी हमी मोडत नाही. ती मिनिटं कुठली हे कंपनी ठरवते. होमस्टेवाल्या दादांची साइट नाताळच्या आदल्या आठवड्यात काही तास बंद होती. वर्षाच्या हिशेबात कदाचित हमी पाळलीही गेली असेल, पण दादांची वर्षाची निम्मी कमाई नाताळ आणि मे महिन्याची. भरपाई म्हणून आमच्या खात्यात जे क्रेडिट जमा झालं, त्यात त्यांच्याकडचं एक जेवणही आलं नसतं.

इथवर आल्यावर चित्र थोडं स्पष्ट झालं होतं. दहा तक्रारींतल्या पाच-सहा आमच्या आवाक्यातल्या, दोन-तीन मेलच्या, आणि खरोखर होस्ट बदलल्याशिवाय न सुटणाऱ्या दोनच. एक म्हणजे अंतर, आणि दुसरी म्हणजे अडचणीच्या वेळी पलीकडे माणूस नसणं. एवढ्यासाठी तीस साइट हलवायच्या? सहकारी म्हणाला, ‘हलवायच्या की नाही ते नंतर. उद्या अंगावर वेळ आली तर आपल्याला हलवता येतील का, ते आधी सांग.’

या एका वाक्यानं प्रश्नाची दिशाच बदलली. आमच्याकडे बॅकअप होते. रोज रात्री आपोआप घेतले जायचे, पॅनेलमध्ये हिरवी खूण दिसायची. पण ते होते त्याच कंपनीकडे. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग इथल्या ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली आणि सर्व्हरनं भरलेली एक पाच मजली इमारत जळून गेली. ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते, त्यातल्या काहींचं दोन्ही गेलं. बॅकअप दुसरीकडे असला तरी तो चालतो की नाही, हा पुढचा प्रश्न. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवर हुकूम देऊन चालू डेटाबेस पुसला. त्यांच्याकडे बॅकअपच्या एक नाही, पाच तरतुदी होत्या. ऐन वेळी एकही भरवशाची निघाली नाही. शेवटी कामानिमित्त काही तास आधी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. गिटलॅबनं हे सगळं स्वतःच जाहीरपणे लिहिलं, म्हणून आमच्यासारख्यांना कळलं. जगातल्या जाणत्या मंडळींची ही गत, तर आमच्या हिरव्या खुणेची काय कथा?

म्हणून ठरवलं की तूर्त काहीही हलवायचं नाही. फक्त बॅकअपमधून एक साइट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर उभी करून बघायची. मुद्दाम सगळ्यात जुनी निवडली. वाचनालयाचा पुस्तकशोध. एका हौशी सभासदानं कधीकाळी लिहून दिलेला, त्यानंतर कुणी हात न लावलेला.

डोमेनला धक्का न लावता नव्या सर्व्हरवरची साइट बघायची एक जुनी युक्ती आहे. आपल्या कॉम्प्युटरवर ‘होस्ट्स’ नावाची एक छोटी फाइल असते. तिच्यात नव्या सर्व्हरचा आयपी आणि पुढे डोमेन लिहिलं, की सगळं जग जुनी साइट बघत असतं आणि आपला एकट्याचा ब्राउझर नवी. तसं केलं आणि समोर कोरं पांढरं पान आलं. प्रोग्राम पीएचपी भाषेच्या जुन्या पद्धतीनं लिहिलेला. डेटाबेसशी बोलायची त्यातली हुकमांची जात डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढूनच टाकलेली. आमच्या जुन्या कंपनीनं पीएचपी ५.६ चालू ठेवलं होतं म्हणून शोध चालत होता, त्या ५.६ ला सुरक्षेची डागडुजी मिळणंही २०१८ अखेर थांबलं होतं. म्हणजे ज्या कंपनीच्या नावानं आम्ही बोटं मोडत होतो, तिच्या ढिलाईवरच ही साइट तगून होती.

ते हुकूम नव्यानं लिहून काढले. आता पान आलं, पुस्तकांची यादीही आली, पण मराठी नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मागे चारी कोपऱ्यांना काटे फुटलेलं एक वर्तुळ, मग पुन्हा तोच ए, मधूनच जपानी येन, असा ओळींवर ओळी कचरा. हा कचरा आमच्या पिढीतल्या प्रत्येक मराठी वेबवाल्यानं कधी ना कधी पाहिलेला असतो. या वेळी घाई नव्हती, म्हणून तो नीट वाचून पाहिला, आणि तो चक्क वाचता येतो! युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. पहिल्या बाइटचा झाला तो ए. दुसरा बाइट दोनच प्रकारचा. स्वर, व्यंजनं, अनुस्वार, काना आणि ऱ्हस्व वेलांटी असेल तर काटेरी वर्तुळ. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त किंवा देवनागरी आकडा असेल तर येन. तिसऱ्या बाइटवरून अक्षर कळतं. ‘म’च्या जागी नोंदणीकृत ट्रेडमार्कचा वर्तुळातला आर, ‘र’च्या जागी तापमान लिहिताना देतात ते अंशाचं चिन्ह, काना म्हणजे तीन-चतुर्थांशाचा अपूर्णांक, आणि दीर्घ वेलांटी म्हणजे येनच्या मागे युरो. थोडा वेळ बसलं तर ‘मराठी’ हा शब्द त्या गर्दीत ओळखता येत होता.

कारणही मग सापडलं. जुन्या डेटाबेसवर लेबल होतं लॅटिन लिपीचं, आत भरली होती मराठी. लिहिताना जशी भरली तशीच वाचताना बाहेर काढली जायची, त्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. नव्या सर्व्हरनं लेबलावर विश्वास ठेवला आणि लॅटिन समजून त्याचं रूपांतर केलं. त्या लेबलासोबत क्रमवारीची जी पद्धत आपोआप लागू होते ती स्वीडिश भाषेची, कारण मायएसक्यूएल मूळ स्वीडनच्या कंपनीचं. म्हणजे आमच्या वाचनालयातली मराठी पुस्तकं इतकी वर्षं स्वीडिश नियमांनी मांडली जात होती. उपाय अवघड नव्हता. डेटा कसलंही रूपांतर न करता जसाच्या तसा उतरवायचा, फायलीतलं लेबल बदलायचं आणि मग भरायचा. ग्रंथपाल ताईंना हे सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘आमच्या लाकडी खणातल्या कार्डांना असं कधी झालं नाही हो.’

या एका साइटनं जे शिकवलं ते लक्षात घेऊन आम्ही उरलेल्या सगळ्यांचा तक्ता भरायला घेतला. डोमेन कुणाच्या नावावर, कुठे नोंदलेलं, कधी संपतं; मेल कुठे; पीएचपी कुठलं; डेटाबेसवर लेबल कुठलं; बॅकअप दुसरीकडे आहे का आणि तो उभा करून पाहिलाय का. सगळ्यात जास्त धडकी भरवली ती पहिल्याच रकान्यानं. प्रकाशक काकांचं डोमेन त्यांच्या पुतण्याच्या एका मित्राच्या नावावर निघालं. त्यानंच पहिली साइट करून दिली होती. तो आता परदेशात, आणि खात्यावरचा मोबाइल नंबर बंद. काकांना फोन केला.

‘अहो, साइट चालतेय ना?’

‘चालतेय, काका.’

‘मग कशाला हात लावताय? चालत्या गाडीला खीळ कशाला?’

‘काका, पुस्तकांचे हक्क तुमच्या नावावर आहेत. पण ज्या नावानं लोक तुम्हाला शोधतात ते नाव दुसऱ्याचं आहे. तो माणूस भला आहे, पण उद्या त्यानं रिन्यू केलं नाही तर?’

काका जरा थांबले. लेखकांशी करार करण्यात हयात गेलेला माणूस. ‘म्हणजे नाव त्याचं आणि छपाई आमची,’ म्हणाले. ‘बदलून घ्या आजच.’ आज होण्यातलं ते नव्हतं. मित्राला शोधणं, त्याच्याकडून ट्रान्सफरचा कोड मागवणं, ओळखीचे पुरावे, असं करत बरेच दिवस गेले. डॉट कॉमची मुदत टळली तर काही आठवड्यांची सवलत असते, त्यानंतर महिनाभर भरभक्कम दंड भरून सोडवता येतं, आणि मग नाव खुल्या बाजारात जातं. होस्टिंग वाईट असलं तर साइट हळू चालते. डोमेन हातचं गेलं तर साइटच राहत नाही. आमची सगळी खलबतं आजवर चुकीच्या गोष्टीवर चालली होती.

तक्ता भरून झाला तेव्हा गंमत झाली. बदलायचं की नाही हा इतकी वर्षं अडलेला प्रश्न एका दुपारी सुटला. कुठली साइट कुठून उचलून कुठे ठेवता येते हे माहीत झाल्यावर ‘सगळं तिकडे की सगळं इकडे’ असं उरलंच नाही. प्रकाशक, दिवाळी अंक आणि होमस्टे मुंबईतल्या सर्व्हरवर न्यायचे, कारण त्यांचं गिऱ्हाईक आणि त्यांचे पैसे साइटवरून येतात. नवी कंपनी निवडताना प्लॅनचे तक्ते पाहिले नाहीत. सपोर्टला रविवारी रात्री एक अवघड प्रश्न विचारला आणि कोण काय उत्तर देतं ते पाहिलं. मेल सगळ्यांचीच वेगळी काढायची. डॉक्टर, संस्था, क्लास जुन्याच जागी, पण लहान प्लॅनवर. वाचनालयाचा शोध चाचणीत उभा राहिलाच होता, तो तसाच नव्या जागी राहू दिला.

मग मुहूर्त. हा भाग पुस्तकांत लिहिलेला नसतो. दिवाळी अंकाची आगाऊ नोंदणी गणपतीच्या आसपास सुरू होते, ती दिवाळी उलटेपर्यंत साइटला बोट लावायचं नाही. नाताळ आणि मे होमस्टेचे. फेब्रुवारीअखेर मराठी भाषा गौरव दिनाची सवलत, तेव्हा प्रकाशकाकडे झुंबड. सगळं वजा जाता उरला आषाढ. कोकणात पाऊस, होमस्टे रिकामा, पुस्तकांची विक्री थंड.

साइट हलवल्या त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं फार नाही, आणि तेच बरं. डोमेनचा पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा याचा आकडा असतो. आमचा १४,४०० सेकंदांचा, म्हणजे चार तासांचा होता. तो दोन दिवस आधीच ३०० वर आणला होता, म्हणजे काही बिनसलं तर पाच-दहा मिनिटांत मागे फिरता येईल. जुन्या साइटवर ऑर्डर घेणं बंद करून ‘काम चालू आहे’ची पाटी लावली, नाहीतर अदलाबदलीच्या वेळात आलेली एखादी ऑर्डर जुन्या सर्व्हरवरच राहून जाते. शेवटचा डेटा नेला, पत्ता बदलला, मोबाइलवरून स्वतःच एक पुस्तक मागवून पाहिलं. सकाळी काकांचा फोन. ‘काल रात्री होतं ना तुमचं ते? मी बघतोय, काहीच झालेलं दिसत नाही.’ यापेक्षा मोठी पावती या कामात मिळत नसते. आठवड्याभरानं त्यांनीच विचारलं की साइट एकदम चपळ कशी झाली. अमेरिकेतल्या वाचकांसाठी आता सर्व्हर लांब गेला होता, म्हणून मुखपृष्ठांची चित्रं सीडीएनवरून द्यायची सोय केली. ती त्यांना जवळच्या सर्व्हरवरून मिळतात.

जुन्या कंपनीबद्दलचा राग या सगळ्यात कुठे विरला ते कळलंही नाही. सपोर्ट आजही तसाच आहे, भावही कमी झालेले नाहीत. पण पूर्वी त्यांची मेल आली की पोटात गोळा यायचा, तो येत नाही. तो गोळा भावापायी नव्हताच. आपण अडकलो आहोत आणि समोरच्याला ते माहीत आहे, याचा होता.

पुढे सहा-आठ महिन्यांनी क्लासच्या मॅडमचा फोन आला. त्यांच्या भाच्यानं वेबचा व्यवसाय सुरू केला होता, साइट आता त्याच्याकडे द्यायची होती. सांगताना त्या अवघडल्या होत्या. आम्ही तक्ता उघडला. डोमेन आधीच त्यांच्या नावावर. बॅकअप तयार, मेल वेगळी असल्यामुळे तिला धक्का लागायचं कारण नाही. कुठला पासवर्ड कशाचा, काय कधी संपतं, हे एका पानावर लिहून भाच्याला पाठवलं. दुपारपर्यंत संपलं. ‘इतक्यात झालं?’ त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं होतं की आम्ही महिनाभर तरी झुलवू, निदान काहीतरी अडवून धरू. या धंद्याचा तसा लौकिक आहे आणि तो उगाच नाही. पुतण्याच्या मित्रांच्या नावावरची डोमेनं गावोगाव आहेत.

तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाचं ते एक पान आम्ही दर वर्षी बिलासोबत पाठवतो. सहकाऱ्याचा सुरुवातीला विरोध होता. ‘सगळं असं हातात दिलं तर लोक उद्या जातील की,’ तो म्हणाला. त्याचं चुकीचं नाही, काही जातीलही. पण होस्टकडून आम्हाला जे हवं होतं तेच ग्राहकाला आमच्याकडून हवं असणार. आणि जे थांबतील ते अडकलेत म्हणून थांबलेले नाहीत, एवढं बिलावरचा आकडा लिहिताना आपल्याला ठाऊक असलेलं बरं.